रिस्टोअर केलेली मसल कार कशी पारखावी: नवख्या रसिकांसाठी मार्गदर्शक

पुणे, चाकण किंवा नाशिकच्या वाहन उद्योगातून मिशिगनला येणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांना पहिल्याच उन्हाळ्यात नोव्ही, ट्रॉय किंवा रॉयल ओकच्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची एखादी शेव्हरोलेची शेवेल, डॉजची चार्जर किंवा फोर्डची मस्टँग धडधडत जाताना दिसते. गाडी देखणी आहे हे कोणालाही कळते, पण तिच्यावरचे काम उत्तम आहे की नुसताच रंग उत्तम आहे, हे कळायला थोडी तयारी लागते. ती तयारी कोणत्या क्रमाने करावी, गाडीसमोर उभे राहिल्यावर काय पाहावे आणि कोठे फसायला होते, हे मी येथे सांगणार आहे. तुम्हाला गाडी विकत घ्यायची नसेल, फक्त जाणतेपणाने पाहायची असेल, तरीही हाच क्रम उपयोगी पडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मसल कार म्हणजे परवडणाऱ्या किमतीच्या साध्या गाडीत बसवलेले मोठे, ताकदवान इंजिन. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट मालिकेतील ल मान्स या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ हा पर्याय विक्रीला आणला; तीन कार्ब्युरेटर घेतले तर ताकद ३४८ अश्वशक्ती भरत असे. पुढच्या काही वर्षांत शेव्हरोले, फोर्ड, डॉज आणि प्लिमथ या सर्वांनी तीच वाट धरली. १९७० हे या शर्यतीचे शिखर ठरले. त्यानंतर प्रदूषणाचे नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी ती संपवली. या गाड्या तरुण गिऱ्हाइकांना परवडाव्यात म्हणून भराभर बनवलेल्या होत्या, हे मनात पक्के धरून पुढे वाचा, कारण रिस्टोरेशनची सर्वांत महत्त्वाची कसोटी त्यातूनच निघते: कारागिराने गाडी किती चमकवली यापेक्षा, ती कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली होती त्या रूपाचा त्याने किती नेटाने शोध घेतला, हे पाहायचे असते.

१. आधी भरपूर गाड्या पाहा

डेट्रॉइट परिसरात राहत असाल तर ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी होणारा वुडवर्ड ड्रीम क्रूझ चुकवू नका. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून हा मेळा भरतो. तेथे उत्कृष्ट आणि सुमार अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रांगेत उभ्या असतात, आणि नजर तयार व्हायला नेमके तेच हवे असते. मुख्य दिवशी गर्दी फार असते. त्याच आठवड्यातल्या संध्याकाळी गेलात तर मालकांना बोलायला सवड असते.

त्यापुढची पायरी म्हणजे शिकागोजवळच्या रोझमाँट येथे नोव्हेंबरमध्ये भरणारे मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स हे प्रदर्शन. रिस्टोरेशनचे सर्वोच्च काम तेथे छताखाली, चांगल्या उजेडात पाहायला मिळते, आणि कोठारांतून काढलेल्या धूळभरल्या गाड्यांसाठीही स्वतंत्र जागा असते. या न धुतलेल्या गाड्यांकडे नवखे लोक पाठ फिरवतात. तुम्ही मात्र आधी त्याच पाहा. कारखान्याने कोठे किती रंग मारला, कोणत्या नळीला कोणती पकड लावली, याचा पुरावा अशाच गाड्यांवर शिल्लक असतो आणि उत्तम कारागीरही त्यांचेच फोटो घेऊन जातात. सुट्या भागांचा बाजार पाहायचा असेल तर पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल आणि हर्शी ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत.

२. गाडी कोणत्या वर्गातली आहे ते विचारून घ्या

सगळ्या गाड्यांना एकच मोजपट्टी लावणे अन्यायाचे आहे. जिला फारसा हात लागलेला नाही, मूळ रंग आणि मूळ आसने टिकून आहेत, ती ‘सर्व्हायव्हर’. जी पूर्ण उघडून कारखान्याच्या अवस्थेत परत आणली आहे, ती ‘स्टॉक’ किंवा ‘काँकूर’ दर्जाची. त्या काळी मालकाने दुकानातून आणताच चाके, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर बदलले असते तसे बदल जपलेली, ती ‘डे-टू’. बाहेरून जुनी पण आतून आधुनिक इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन असलेली, ती ‘रेस्टोमॉड’. आणि साध्या मॉडेलवर महागड्या मॉडेलची सजावट आणि इंजिन चढवलेली, ती ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’.

क्लोन बनवण्यात गैर काहीच नाही. मालक तसे सांगत असेल तर त्या कामाचेही मनापासून कौतुक करावे. क्लोन असल्याचे लपवून ती अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि पुढच्या पायऱ्यांचा मोठा भाग तीच ओळखण्यासाठी आहे.

३. सोबत काय न्यावे

लहान पण प्रखर टॉर्च, दांड्याचा छोटा आरसा, कापडात गुंडाळलेले कमी ताकदीचे चुंबक (रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी हे तपासायला), वही आणि फोनचा कॅमेरा एवढे पुरते. खरेदीचा विचार असेल तर रंगाची जाडी मोजणारे यंत्रही घ्या. प्रदर्शनातल्या गाडीला चुंबक किंवा यंत्र लावण्याआधी मालकाची परवानगी घेतलीच पाहिजे. पट्ट्याचे बक्कल, खांद्यावरची पिशवी आणि गळ्यातला कॅमेरा गाडीला घासणार नाही असे उभे राहा. लहान मुले सोबत असतील तर त्यांचा हात धरा.

४. कागद आधी पाहा

गाडीभोवती फिरण्याआधी कागद मागा. चांगले रिस्टोरेशन करणारा मालक ते अभिमानाने दाखवतो. पाहण्यासारखे कागद असे:

- मालकीचे टायटल. त्यावरील व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक, गाडीवरच्या पट्टीशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे.
- बिल्ड शीट किंवा ब्रॉडकास्ट शीट, म्हणजे जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेला तपशीलवार कागद.
- मूळ विक्रीचे बिल, खिडकीवरचे किंमतपत्रक, वॉरंटीचे पुस्तक. त्या काळच्या शेव्हरोलेच्या पुस्तकाला प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची पट्टी जोडलेली असे.
- रिस्टोरेशनचे फोटो, रंग काढून उघड्या पडलेल्या पत्र्यासकट.

शेवटच्या मुद्द्यावर मी विशेष भर देतो. नवे पॅनल कोठे जोडले, गंज कोठे होता, तो कापून काढला की वरून झाकला, हे फोटोंतच कळते. फोटोंचा संग्रह ‘प्रायमर मारलेल्या’ अवस्थेपासूनच सुरू होत असेल, तर त्याआधीच्या अवस्थेचे काय झाले हे आवर्जून विचारा.

कंपनीनुसार कागदांची परिस्थिती वेगळी आहे. पाँटिअ‍ॅकची मूळ बिले ‘पीएचएस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेकडून मिळतात. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी ‘मार्टी रिपोर्ट’ मागवता येतो. डॉज आणि प्लिमथवर बोनेटखाली, डाव्या बाजूला, फेंडर टॅग नावाची पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर इंजिन, रंग व इतर पर्यायांचे संकेत ठोकलेले असतात. सर्वांत अडचण शेव्हरोलेची: कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची माहिती कंपनीच्या कॅनडा शाखेकडून मिळू शकते, पण अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी तशी सोय नाही. म्हणूनच पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर किंवा आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेली एक विरत चाललेली बिल्ड शीट सापडली की शेवेलची किंमत एकदम बदलते.

५. क्रमांक वाचायला शिका

या पायरीवर घाई करू नका. खरा अभ्यास येथेच आहे. सतरा अक्षरांचा आजचा व्हीआयएन १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती.

१९७० च्या शेवेलचे उदाहरण घेऊ. तिचा क्रमांक १३६३७० असा सुरू झाला तर पहिला १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ इंजिनाची मालिबू (शेवेलचाच एक प्रकार), ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूपे आणि ० म्हणजे १९७०. त्यानंतर कारखान्याचे अक्षर आणि मग अनुक्रमांक. यात ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट) या ताकदवान प्रकाराची खूण कोठेच नाही. ४५० अश्वशक्तीचे ४५४ घनइंची एलएस-६ इंजिन असलेली दुर्मीळ गाडी आणि ३०७ घनइंचांचे साधे इंजिन घेऊन बाजारहाटाला जाणारी मालिबू, या दोघींचे पहिले सहा आकडे सारखेच असतात. क्लोनचे सर्वाधिक पीक याच मॉडेलमध्ये का येते, ते यावरून लक्षात यावे.

उलट १९६६ ते १९६८ च्या एसएस ३९६ शेवेलचा क्रमांक १३८ ने सुरू होतो आणि १९६६ पासूनच्या जीटीओचा २४२ ने; तेथे क्रमांकच साक्ष देतो. फोर्ड आणि क्रायस्लर गटाच्या (डॉज, प्लिमथ) गाड्यांत पाचवे अक्षर इंजिनाचे असते. मस्टँगमध्ये ‘जी’ म्हणजे बॉस ३०२ आणि ‘झेड’ म्हणजे बॉस ४२९. १९७० च्या प्लिमथ-डॉजमध्ये ‘आर’ म्हणजे ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन, ‘व्ही’ म्हणजे तीन कार्ब्युरेटरचे ४४० आणि ‘एन’ म्हणजे ३८३.

आता इंजिनाकडे. शेव्हरोले व्ही-८ मध्ये प्रवाशाच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकवर बोटभर रुंदीची एक सपाट जागा असते. तिच्यावर इंजिनाच्या जुळणीची तारीख आणि प्रकाराचा संकेत ठोकलेला असतो, आणि मूळ इंजिन असेल तर शेजारी गाडीच्या क्रमांकाचा काही भागही. टॉर्च आडवा धरून त्या सपाट जागेवर उजेड तिरपा पाडा. कारखान्यातील यंत्राने कापलेल्या पृष्ठभागावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसतात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल, रेषा गोल फिरत असतील किंवा ठोकलेली अक्षरे ओळीत असूनही संशयास्पदरीत्या नवी दिसत असतील, तर मूळ खुणा घासून नव्या ठोकल्या असण्याची शक्यता असते. इंजिन दुरुस्त करताना ब्लॉकचा माथा सपाट केला तरी मूळ रेषा जातात, त्यामुळे एवढ्यावरून आरोप करू नका. पण प्रश्न जरूर विचारा.

मग तारखांचा क्रम लावा. ब्लॉकवर ओतकामाच्या वेळी उमटलेला ‘बी १४ ०’ हा संकेत १४ फेब्रुवारी १९७० सांगतो. त्या सपाट जागेवरचा ‘टी ०२२५’ सांगतो की इंजिन न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा कारखान्यात २५ फेब्रुवारीला जुळले. आणि बोनेटमागच्या भिंतीवरील ट्रिम टॅगवर (गाडीच्या तपशिलाचे संकेत असलेल्या पट्टीवर) ‘०३सी’ असेल तर गाडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. ओतकाम, जुळणी, गाडी असा हा क्रम सुरळीत बसतो. गाडीच्या नंतर ओतलेले इंजिन त्या गाडीचे असू शकत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. काचा, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर आणि चाके यांवरही तारखांचे संकेत असतात, आणि ते सगळे जुळवण्यासाठी काही कारागीर वर्षानुवर्षे बाजार धुंडाळतात. ही चिकाटी मला अत्यंत आदरणीय वाटते.

व्हीआयएनची पट्टी ज्या रिव्हेटांनी बसवली आहे तेही पाहा. त्या काळच्या जनरल मोटर्स (शेव्हरोले, पाँटिअ‍ॅक) आणि क्रायस्लरच्या अनेक गाड्यांत फुलाच्या पाकळ्यांसारखे डोके असलेले खास रिव्हेट असत. पट्टीभोवती ओरखडे, डिंक किंवा साधे रिव्हेट दिसले तर खरेदीचा विचार तेथेच थांबवा. पट्टीशी छेडछाड हा अमेरिकेत संघराज्यीय गुन्हा आहे.

६. पत्रा

पत्र्याचे काम हा रिस्टोरेशनचा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत सहज लपणारा भाग आहे. गाडीपासून दहा पावलांवर, बंपरच्या उंचीला डोळे आणून, कडेने लांबवर नजर टाका. खिडक्यांचे किंवा दिव्यांचे प्रतिबिंब दारापासून मागच्या क्वार्टर पॅनलपर्यंत (मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत) सरळ वाहत गेले पाहिजे. मध्येच ते थरथरले तर खाली पुट्टी आहे किंवा पत्रा नीट ठोकलेला नाही.

गंज कोठे धरतो हे मॉडेलनुसार ठरलेले असते. व्हायनल छताच्या गाडीत छताखाली आणि मागच्या काचेच्या खोबणीत, बहुतेक सर्वांत डिकीच्या तळाला आणि क्वार्टर पॅनलच्या खालच्या काठाला, तर पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालच्या काउलमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या जाळीखालच्या पोकळीत. मालकाची हरकत नसेल तर काउलच्या जाळीत थोडे पाणी ओता आणि पायाखालच्या गालिच्यावर थेंब पडतो का पाहा.

डिकी उघडून कडेचे रबर हलकेच बाजूला करा. कारखान्याने दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले असते. त्याचे उथळ, गोल, साधारण एकसारख्या अंतरावरचे खळगे तेथे दिसतात. नवे पॅनल बसवणारा पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरतो आणि वर घासतो, त्यामुळे तेथे खळग्याऐवजी सपाट किंवा किंचित उंच गाठ राहते. उत्तम कारागीर ही जागाही मूळ खळग्यांसारखी करून देतो. रबराखाली दडणाऱ्या, शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना कधीच न दिसणाऱ्या त्या खळग्यांवर एखाद्याने दिवस घालवलेला असतो, आणि तो ओळखता येणे हेच रसिकत्व.

फटींबद्दल सावधगिरी बाळगा. दार, बोनेट आणि फेंडर यांतल्या फटी समान हव्यात हे खरे, पण कारखान्यातल्या गाड्यांच्या फटी आजच्या मानाने ढिल्या असत. सगळीकडे केसभर, काटेकोर फट असलेली गाडी सुंदर दिसेल, मात्र तिला ‘कारखान्यासारखी’ म्हणता येणार नाही.

७. रंग

त्या काळी जनरल मोटर्स अ‍ॅक्रिलिक लॅकर वापरत असे, तर फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल. आजचे बहुतेक काम रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक थर अशा पद्धतीचे असते. ते टिकाऊ असते आणि दैनंदिन वापराला योग्यही; पण काँकूर दर्जाच्या गाडीवर ओल्या काचेसारखी खोल चमक दिसली तर ते अतिरिस्टोरेशन मानतात. प्रदर्शनात नवखे लोक याच गाडीभोवती सर्वाधिक गर्दी करतात.

रंगाचा संकेत टॅगवर असतो. ‘प्लम क्रेझी’ जांभळा किंवा ‘हेमी ऑरेंज’ अशा गाजलेल्या रंगांत नंतर रंगवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून टॅग आणि रंग जुळतात का हे पाहा. दाराच्या बिजागरीपाशी, डॅशबोर्डखाली आणि डिकीच्या अस्तरामागे जुना रंग डोकावतो. जाडीचे यंत्र मूळ रंगावर साधारण ४ ते ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दाखवते. पुन्हा रंगवलेल्या गाडीवर त्याहून जास्त येणारच. आकडा एकाच पॅनलवर अचानक कित्येक पट उडाला, तर तेथे पुट्टी आहे.

८. बोनेटखाली

इंजिनाचा रंग हा सोपा आरंभ. त्या काळचे शेव्हरोले व्ही-८ केशरी, १९६६ पासूनचे फोर्ड निळे, पाँटिअ‍ॅक फिक्या धातूच्छटेचे निळे आणि ४२६ हेमी केशरी. त्यानंतर बारीकसारीक गोष्टींकडे वळा: नळ्यांवर स्क्रूच्या आधुनिक पकडी आहेत की मूळ पद्धतीच्या स्प्रिंगच्या, बोल्टच्या डोक्यांवर त्या काळच्या उत्पादकांच्या खुणा आहेत का, कारखान्यात फॉस्फेटचा करडा मुलामा असलेले भाग कोणी काळ्या चकचकीत रंगाने रंगवले आहेत का. क्रोमचा अतिरेक दिसला तर तो मालकाच्या आवडीचा भाग. त्याला कारखान्याचे काम समजू नका.

९. गाडीखाली

अस्सल पैठणी घेणारी बाई पदर उलटून पाहते, तसे येथे आरसा आणि टॉर्च घेऊन वाका. कारखान्यात खालचा भाग कोणी सजवत नसे. अनेक मस्टँगच्या खाली तांबूस प्रायमर आणि त्यावर कडेने उडालेले गाडीच्या रंगाचे तुषार असत. ड्राइव्हशाफ्ट आणि एक्सलवर ओळखीचे रंगीत पट्टे, तपासनिसाने खडूने किंवा रंगाने केलेल्या खुणा असत. चांगला रिस्टोरर जुना चिखल अलगद खरवडून या खुणांचे फोटो घेतो, मापे टिपतो आणि त्या जागच्या जागी परत उमटवतो. संपूर्ण खालचा भाग जाड काळ्या अंडरकोटिंगने झाकलेला असेल तर सावध व्हा, कारण त्या थराखाली गंज आणि ओबडधोबड वेल्डिंग सहज दडते.

१०. इंजिन सुरू होताना

पाहायला जाणार असाल तर इंजिन गार ठेवायला आधीच सांगा आणि पोचल्यावर हात जवळ नेऊन खात्री करा. गार इंजिन सुरू होतानाचा निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो आणि काळा धूर कार्ब्युरेटर जादा पेट्रोल देत असल्याचे. सॉलिड लिफ्टरच्या (झडपा ढकलणारे भाग भरीव असलेल्या) इंजिनाची टकटक स्वाभाविक असते. तिला दोष समजू नका. मालक कोणते तेल वापरतो हेही विचारा. या इंजिनांच्या फ्लॅट टॅपेट कॅमशाफ्टला जस्तयुक्त तेल लागते, आणि ज्याला हे ठाऊक असते तो गाडीची इतर काळजीही घेत असतो, असा माझा अनुभव आहे.

११. मालकाशी आणि कारागिराशी बोलणे

“किती खर्च आला?” हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. “सर्वांत अवघड काय मिळवायला गेले?”, “पत्र्याचे काम कोणी केले?”, “कोणता भाग मूळचा जपला?” असे विचारा, समोरचा माणूस खुर्ची ओढून बसवतो आणि डिकीतला फोटोंचा अल्बम काढतो. पत्रा, रंग, इंजिन, आसने आणि क्रोम ही कामे बहुधा वेगवेगळ्या हातांची असतात, आणि पाटीवर नाव फक्त मालकाचे असते; म्हणून एखादा विशिष्ट भाग आवडला तर त्या कारागिराचे नाव विचारून टिपून ठेवा. मूळ जपलेल्या भागाला नव्या भागापेक्षा जास्त मान द्या. अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक असलेल्या एएसीएने (अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका) मूळ वैशिष्ट्ये टिकवलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला आहे, तो याच विचाराने.

खरेदीपर्यंत मजल गेली, तर व्यवहार ठरण्याआधी त्याच मॉडेलच्या क्लबमधील एखाद्या जाणकाराला मोबदला देऊन गाडी दाखवा. सर्व मसल कार जाणणारा माणूस आणि फक्त १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो जाणणारा माणूस यांत निवड करायची झाली, तर कॅमॅरोसाठी दुसऱ्यालाच बोलवा, आणि तो येण्यापूर्वी कागदांच्या प्रती व सपाट जागेवरच्या क्रमांकांचे स्पष्ट फोटो त्याला पाठवून ठेवा.